सबसिडीची फाइल अडते कुठे? महाराष्ट्रातल्या छोट्या उद्योजकांनो, या चुका टाळा

जिल्हा उद्योग केंद्रात टेबलासमोर बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "साहेब, सबसिडी किती मिळेल?" ती कधी मिळेल आणि कुणाच्या खात्यात जाईल, हे फारसं कुणी विचारत नाही. माझं स्वतःचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे. ते उभं करताना मी जेवढ्या ठेचा खाल्ल्या, त्याच्या जोरावर आता ओळखीपाळखीचे लोक आपल्या फाइली मला दाखवायला आणतात. कागदांचा गठ्ठा बहुतेकांचा पूर्ण असतो. पण जे आधी करायचं ते नंतर केलेलं असतं, आणि नंतरचं आधी.

सबसिडी म्हणजे हातात पडणारे पैसे, हा समज

केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे सीएमईजीपी, या दोन्ही योजना कर्जाला जोडलेल्या आहेत. बँकेने कर्ज मंजूर केलं नाही तर सबसिडीचा प्रश्नच येत नाही. अनुदान १५ ते ३५ टक्के. खुल्या गटातला पुरुष शहरात युनिट टाकत असेल तर १५, ग्रामीण भागात २५. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५.

आता हिशोब बघा. इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात एक ताई पीएमईजीपीतून २० लाखांचं मसाल्याचं युनिट टाकतेय असं धरू. तिने स्वतःचे ५ टक्के, म्हणजे १ लाख घालायचे. बँक १९ लाख देणार. ३५ टक्क्यांनी अनुदान होतं ७ लाख. हे ७ लाख तिच्या हातात येत नाहीत. ते बँकेत तिच्या नावाने ठेव म्हणून ३ वर्षं अडकून राहतात, त्याला टीडीआर म्हणतात. ३ वर्षांनी युनिट चालू आहे याची प्रत्यक्ष तपासणी झाली की ती रक्कम कर्जात वळती होते. मध्येच शटर खाली ओढलं तर अनुदान सरकारकडे परत.

या ठेवीवर बँक व्याज देत नाही, आणि कर्जातल्या तेवढ्याच रकमेवर व्याज लावायचंही नसतं. म्हणजे टीडीआर झाल्यापासून ताईच्या कर्जावर व्याज १२ लाखांच्या हिशोबाने लागायला हवं, १९ लाखांच्या नाही. कर्जखात्याचा उतारा काढून हे स्वतः तपासा. शाखेत माणसं बदलतात, सिस्टिममध्ये नोंद राहून जाते, आणि कर्जदार वर्षभर पूर्ण रकमेवर व्याज भरत बसतो. लेखी अर्ज आणि उताऱ्याची प्रत घेऊन गेलात तर दुरुस्ती होते. तोंडी सांगून मात्र काही हलत नाही.

मंजुरीपत्राआधी मशीन घेणं

ही चूक माझी स्वतःची. दिवाळीत मशीनवाल्याने सूट दिली, मला वाटलं कर्ज तर आता झाल्यातच जमा आहे, म्हणून निम्मे पैसे रोख देऊन टाकले. शाखेतल्या साहेबांनी पावती बघितली आणि शांतपणे बाजूला ठेवली. मंजुरीच्या आधीची खरेदी प्रकल्पात धरता येणार नाही म्हणाले. ते पैसे माझ्या वाट्यात मोजले गेले नाहीत, वाटा वेगळा उभा करावा लागला. घरातले दागिने त्या महिन्यात गहाण पडले. त्या सुटीत वाचले किती, ते विचारू नका.

क्रम असा : आधी जीएसटी क्रमांक असलेलं कोटेशन, मग प्रोजेक्ट रिपोर्ट, मग मंजुरीपत्र, मग आपला वाटा कर्जखात्यात, आणि त्यानंतर बँक मशीनवाल्याला थेट पैसे पाठवते. रोखीचा व्यवहार यात कुठेच बसत नाही.

जाता जाता जागेबद्दल. जमिनीची किंमत पीएमईजीपीच्या प्रकल्प खर्चात धरत नाहीत. गुंठाभर जागा घ्यायची आणि तीही योजनेत बसवायची हा बेत असेल तर आताच सोडून द्या. भाड्याचं शेड चालतं.

चालू धंद्याला 'नवा' म्हणणं

पीएमईजीपी आणि सीएमईजीपी नव्या युनिटसाठी आहेत. घरात दोन वर्षं पापड-लोणचं चालू आहे, वाढवायचंय, म्हणून लोक अर्ज करतात आणि सोबत उद्यम नोंदणीचं, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र जोडतात. त्या प्रमाणपत्रावर धंदा सुरू झाल्याची तारीख छापलेली असते. दोन वर्षांपूर्वीची! तपासणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

अशांसाठी वेगळा दरवाजा आहे. खाद्यपदार्थांचं युनिट असेल तर पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना, चालू युनिटलाही ३५ टक्के अनुदान देते, कमाल १० लाख. ही योजना आपल्याकडे कृषी विभाग राबवतो, त्यामुळे जिल्हा उद्योग केंद्रात तासभर थांबून 'इथे नाही, तिकडे जा' ऐकायची वेळ येते. प्रोजेक्ट रिपोर्टपासून बँकेपर्यंत मदतीला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते. तिचं मानधन सरकार देतं, तुमच्याकडून काही घ्यायचं नसतं.

पीएमईजीपीत आणखी एक मेख आहे : एका कुटुंबातून एकच लाभार्थी, आणि कुटुंब म्हणजे नवरा-बायको. नवऱ्याच्या नावावर एक, बायकोच्या नावावर एक, अशा दोन फाइली आल्या तर दुसरी परत जाते.

उद्यम नोंदणीला पैसे मोजणं

१ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी चालू आहे. ती फुकट आहे, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी आला की होते, आणि तिचं नूतनीकरण नसतं. तरीही 'रिन्युअल फी' म्हणून हजार-दोन हजार घेणाऱ्या वेबसाइट आहेत आणि त्या गुगलवर वरच दिसतात. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असतं, तेवढं बघून घ्या. जुनं 'उद्योग आधार' ३० जून २०२२ नंतर चालत नाही, ते कपाटात असेल तर नवी नोंदणी करा.

अडतं ते बहुधा दोन ठिकाणी. आधारवर 'सुरेखा बाळासाहेब' आणि पॅनवर 'सुरेखा बी.' असं असेल तर आधी नाव सारखं करून घ्या. दुसरं, एका मालकाच्या दोन धंद्यांसाठी दोन उद्यम क्रमांक निघत नाहीत. आहे त्याच नोंदणीत दुसरं काम आणि दुसरा पत्ता जोडायचा.

जुने व्हिडिओ बघून आकडे ठरवणं

पीएमईजीपीची मर्यादा एकेकाळी उत्पादनाला २५ लाख आणि सेवेला १० लाख होती. २०२२ मध्ये ती ५० आणि २० लाख झाली. ग्रामीण कोणतं आणि शहरी कोणतं, तेही तेव्हाच बदललं : पंचायतीच्या हद्दीत ते ग्रामीण, नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीत ते शहरी. मोठ्या शहराला लागून असलेल्या गावांत यावरून १० टक्क्यांचा फरक पडतो, २० लाखांच्या प्रकल्पात चक्क २ लाखांचा. सूक्ष्म उद्योगाची व्याख्याही १ एप्रिल २०२५ पासून रुंदावली आहे, आता गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत. तेव्हा व्हिडिओ कुठल्या साली टाकलाय ते आधी बघा. अर्जाच्या दिवशी संकेतस्थळावर जे लागू दिसेल तेच खरं धरा.

आणि मुद्रा. २०१५ पासून ऐकतोय, 'मुद्रात अर्धं माफ होतं.' मुद्रात सबसिडी नाही. ते तारणाशिवायचं कर्ज आहे, व्याजासकट फेडायचं.

आधी कर्ज, मग महामंडळ?

अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाच्या वैयक्तिक व्याज परतावा योजनेत सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. मित्राने सांगितलं म्हणून बँकेतून कर्ज घेतात, टेम्पो दारात लावतात, आणि मग महामंडळाच्या संकेतस्थळावर जातात. तिथे आधी पात्रता प्रमाणपत्र निघतं, ते घेऊन बँकेत जायचं, कर्ज त्यानंतर. उलट्या क्रमाने गेलेल्याला परत फिरायला वाट नाही.

शिवाय हप्ता आधी तुम्ही भरायचा असतो. वेळेवर भरलेल्या हप्त्यातलं व्याज नंतर महामंडळ तुमच्या खात्यात टाकतं, १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर सगळं मिळून जास्तीत जास्त साडेचार लाख. 'महामंडळ भरतंय ना' म्हणून हप्ता चुकवला की परतावाही थांबतो आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, तीही बिघडते.

बँक 'बघू' म्हणते तेव्हा

फाइल बँकेत गेली आणि महिनाभर नुसतं 'बघू' चाललंय, तर आधी आपलं सिबिल तपासा. प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मोबाइलच्या हप्त्यातले राहिलेले काही रुपये, किंवा मेव्हण्याच्या कर्जाला दिलेला जामीन, तिथे तुमच्याकडे डोळे वटारून बघत असतो. मेव्हण्याला काही म्हणायचं नसतं, म्हणून लोक तो अहवाल काढतच नाहीत.

तारण मागितलं तर २० लाखांपर्यंतच्या (१ एप्रिल २०२६ च्या आधी १० लाख) कर्जाला सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून तारण घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याच्या वर सीजीटीएमएसई या हमी योजनेत प्रकरण बसवता येतं का, ते स्पष्ट शब्दांत विचारा. नकार आलाच तर कारण लेखी मागा. लेखी कारण हातात असेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे जाता येतं. 'तुमचा धंदा चालेलसं वाटत नाही' हा मात्र बँकेचा व्यावसायिक निर्णय, त्यावर रिझर्व्ह बँकेचा लोकपालही काही करत नाही. तिथे भांडण्यात दिवस घालवू नका, रिपोर्ट सुधारा. गूगलवरून उचललेल्या रिपोर्टमध्ये सोलापूरच्या युनिटला सुरतचा वीजदर लावलेला मी पाहिलाय.

थकलेलं बिल, आणि उशिरा सुचलेली नोंदणी

सरकारी मदत म्हटलं की डोळ्यांसमोर सबसिडी येते. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपवाल्याला मात्र सबसिडीपेक्षा अडकलेलं बिल जास्त छळतं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात त्यावर इलाज आहे. लेखी करार असो वा नसो, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे पैसे रोखता येत नाहीत. करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रार केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर करायची, ती सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद निकाली काढणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जाते. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध खरेदीदाराला कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. मोठ्या कंपनीचा वकील इथे जरा थबकतो.

पण तीन गोष्टींवर दावा कोसळतो. माल पाठवून झाल्यावर, बिल थकल्यावर, घाईघाईने केलेली उद्यम नोंदणी : समोरचा वकील पहिली तारीख तीच काढतो. दुसरं, तुम्ही नुसते व्यापारी असाल, घेऊन विकणारे, तर २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते खरी, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. थकबाकीच्या कायद्याचा फायदा तिच्यातून मिळत नाही. तिसरं, डिलिव्हरी चलनावर खरेदीदाराचा शिक्का, सही, तारीख नसणं. माल उतरवताना ड्रायव्हरला घाई असते, गेटवरचा माणूस 'नंतर देतो' म्हणतो. ड्रायव्हरला सांगून ठेवा, शिक्का पडल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढायची नाही. आणि प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापून घ्या, पहिल्या बिलापासून.