ज्युनिअरना सोनोग्राफी शिकवायची असेल तर

माझी पहिली बॅच मी अख्खी ऑनलाइन शिकवली. गोव्यात वाळपई-काणकोणला ड्युटी असलेल्या पोरांना रोज कोण बोलावणार? चाचणीत सगळ्यांना पैकीच्या पैकी. मग कॅज्युअल्टीत एकीनं उजव्या कुशीला प्रोब, म्हणजे मशीनचा अंगावर फिरवायचा भाग, लावला. यकृत दिसलं, मूत्रपिंड दिसलं, पण डोक्याकडची बाजू पडद्यावर उजवीकडे! मार्कर, म्हणजे प्रोबच्या एका बाजूची खूण, डोक्याकडे हवा तो पायांकडे धरला होता. चूक तिची नव्हती. मार्कर मी नुसता बोलून दाखवला होता.

तेव्हापासून ऑनलाइन फक्त डोळ्याचं काम ठेवते. दहा मिनिटांचा व्हिडिओ, एकच प्रश्न: पोटात पाणी आहे का? यकृत आणि उजव्या मूत्रपिंडामधली मॉरिसनची जागा आधी वीसेक नॉर्मल क्लिपांत दाखवा, पाण्याची काळी पट्टी नंतर. उत्तराला पर्याय तीन द्या: आहे, नाही, सांगता येत नाही. तिसरा निवडायची हिंमत यायला हवी, कारण दोनशे मिलीच्या आतलं पाणी बहुतेकदा दिसतच नाही. क्लिप पाठवण्याआधी वरच्या पट्टीतलं पेशंटचं नाव आणि नंबर कापा.

सुई घालायचा सराव जेलीवर. लिटरभर गरम पाण्यात साधारण शंभर ग्रॅम जिलेटिन, वर दोन-तीन चमचे इसबगोल. त्यानं जेली पडद्यावर मांसासारखी करडी दिसते. शीर म्हणून पाणी भरलेला लांबट फुगा आत बुडवा, वरचा फेस काढा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. घरच्या फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर डब्यावर चिठ्ठी लावा. आमच्याकडे सासूबाई वाटीत काढून घेण्याच्या बेतात होत्या.

मशीन मात्र घरी न्यायचं नाही. 1994 च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली ते नोंदवलेल्या जागीच राहतं. सरावाला गरोदर बाईही नको. एका मशीनवर चारच जण: एक झोपतो, एक प्रोब धरतो, एक डेप्थ आणि गेन (चित्राची खोली आणि उजळपणा) बघतो, चौथा नुसता बोलून वाट दाखवतो. मी हात पाठीमागे बांधून उभी राहते. प्रोब हिसकावून घ्यायचा मोह फार होतो. एकदा आडव्या झालेल्या पोराच्याच पित्ताशयात खडा निघाला. असं काही दिसलं तर कोण, कुणाला आणि कुठे सांगणार, हे सराव सुरू करण्याआधी ठरवा.

खऱ्या पेशंटपाशी जाताना जेल लावण्याआधी 'बाय, मातशें थंड लागतलें' (बाई, जरा थंड लागेल) एवढं कोंकणीत म्हणायचं. तेवढ्यानं पोट सैल पडतं, आणि सैल पोटावर चित्र चांगलं येतं.

मग पुन्हा ऑनलाइन. अमेरिकेतली इमर्जन्सी डॉक्टरांची संघटना प्रत्येक प्रकारच्या तपासणीचे 25 ते 50 स्कॅन सुचवते. आमच्याकडे तेवढे व्हायला महिने लागतात, म्हणून स्कॅनची नोंदवही पहिल्या दिवसापासून घाला. आठवड्याला प्रत्येकाकडून दोन क्लिपा मागवा आणि उत्तर त्याच आठवड्यात द्या. उशिरा दिलेलं उत्तर कुणी वाचत नाही. क्लिपेबरोबर प्रोब धरलेल्या हाताचा फोटोही हवा, पेशंटला विचारून आणि चेहरा न घेता. मी क्लिप नंतर उघडते. आधी फोटोत मार्कर कुठे आहे ते बघते.