एथिलीन–हेक्सीन सहबहुवारिकाच्या साखळीचे गणिती प्रतिमान कसे मांडावे

सहबहुवारिक म्हणजे दोन प्रकारचे लहान रेणू, म्हणजे एकवारिके (इथे एथिलीन आणि हेक्सीन), जोडून बनलेली लांब साखळी. साखळीच्या टोकावरचे एकवारिकच पुढची जोडणी ठरवते, हे गृहीतक आधी मांडावे. समजा, एथिलीनचे अभिक्रियता गुणोत्तर (टोकावर एथिलीन असताना हेक्सीनच्या तुलनेत पुन्हा एथिलीनच जोडले जाण्याचा कल) २० आणि एथिलीन–हेक्सीन मोल-प्रमाण ४ आहे. तर एथिलीनच्या सलग मालिकेची सरासरी लांबी १ + २० × ४, म्हणजे ८१ एकके येते. हे मोल-प्रमाण मात्र रिअॅक्टरमध्ये सोडलेल्या मिश्रणाचे नव्हे, तर उत्प्रेरकाभोवतीच्या द्रवातले घ्यावे, कारण एथिलीन वायू द्रवात मर्यादितच विरघळतो; माझ्या मते सर्वाधिक काळजी इथेच हवी.

रेणुभारासाठी फ्लोरी वितरण (वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्या किती प्रमाणात बनतात हे सांगणारे सूत्र) वापरावे. मेटॅलोसीनसारख्या उत्प्रेरकाच्या एकाच प्रकारच्या सक्रिय केंद्रांवर (साखळी जिथे वाढते त्या जागांवर) भारसरासरी व संख्यासरासरी रेणुभारांचे गुणोत्तर, म्हणजे रेणुभार किती विखुरलेले आहेत याचे माप, सुमारे २ येते. झीग्लर–नाट्टा उत्प्रेरकात केंद्रांचे अनेक प्रकार असल्याने ते बरेच वाढते, म्हणून तिथे प्रत्येक केंद्र-प्रकाराचे वितरण स्वतंत्र मांडून त्यांची भारित बेरीज करावी. शेवटी त्रिकांची (साखळीतल्या सलग तीन एककांच्या गटांची) गणिती प्रमाणे कार्बन-१३ एनएमआर या चुंबकीय वर्णपट तंत्राच्या मोजमापांशी ताडून पाहावीत.