आर्येप्लोगला निघण्याआधी

उत्तर स्वीडनमधल्या आर्येप्लोगला, गोठलेल्या तळ्यावर गाड्यांच्या हिवाळी चाचण्या करायला तुला जानेवारीत जायचं म्हणजे हातात सहा महिने आहेत, वेळ भरपूर. कागदपत्रं आधी उरक. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि प्रवास-विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. यात याहून जास्त डोकं घालू नको.

डोकं लाव टायरमध्ये. पारा सात अंशांखाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक पडायला लागतं, आणि स्पोर्ट्स गाडीचे रुंद, महागडे टायर उत्तर स्वीडनच्या थंडीत काहीच कामाचे नसतात. कुठल्या गाडीला खिळ्यांचे हिवाळी टायर आणि कुठल्या गाडीला बिनखिळ्यांचे, हे इथेच विचारून लिहून ठेव. दोघांचे आकडे एका रकान्यात गेले की अख्ख्या आठवड्याची मेहनत वाया! हवेचं गेज स्वतःचं ने. गॅरेजात २० अंशांना भरलेली ३५ पीएसआय हवा बाहेर उणे २० मध्ये २८ वर येते. म्हणून टायर बाहेर तासभर गारठू दे, मग हवा मोज. नागपुरात मे महिन्यात आपण याच्या नेमकं उलट भोगतो, तेव्हा तुला हे पटकन कळेल.

सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं. लोकरीचे थर घाल. हातमोजे दोन जोड, आतला इतका पातळ की टायरच्या व्हॉल्व्हची टोपी फिरवता येईल. उणे २५ मध्ये व्हील नटला उघडा हात लावलास तर कातडी चिकटते. नोंदींना पेन्सिल घे, बॉलपेनची शाई गारठून उमटत नाही.

आता खरी तयारी, हातापायांची. घर्षण कोरड्या डांबरावर ०.८ आणि गोठलेल्या तळ्यावर ०.१ धरलं, तर ५० च्या वेगातली गाडी डांबरावर १२-१३ मीटरमध्ये थांबते, बर्फावर शंभरेक मीटर घेते. हे नुसतं वाचून अंगात मुरत नाही. म्हणून या पावसाळ्यात उमरेडकडच्या काळ्या मातीतल्या एखाद्या रिकाम्या पांदणीत जुनी गाडी घेऊन जा, अगदी हळू चालव, आणि ओढायला ट्रॅक्टरवाला सांगून ठेव. स्टिअरिंग वळवूनही नाक सरळच जात असेल तर आणखी वळवायचं नाही. पाय हलका कर, वजन पुढच्या चाकांवर येऊ दे, चाकं आपोआप धरतील. मागची बाजू सुटली तर जिकडे जायचं तिकडे बघ आणि स्टिअरिंग तिकडेच ने.

पोर्शे ९११ मिळाली तर मात्र जपून. तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. त्या वजनामुळे बर्फावरून ती छान उचलते, पण वळणात एकदम पाय काढलास की शेपूट पुढे यायला बघते. पहिल्या फेऱ्या ईएसपी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) चालू ठेवूनच मार, आणि ईएसपी चालू होतं की बंद, हे प्रत्येक फेरीपुढे लिही.

रात्री गाडी बाहेर लावताना हँडब्रेक ओढू नको, ओले ब्रेक पॅड सकाळी डिस्कला गोठून बसलेले असतात. गिअरमध्ये ठेव आणि चाकाखाली लाकडी ठोकळा लाव.