रील बघणं सोडायचंय? ॲप काढणं सोपं, रात्री साडेदहानंतरचं आधी ठरवा

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी नऊ वर्षं आहे. पहिली चार वर्षं एमपीएससीची तयारी केली, नंतर मुलींच्या विभागाची व्यवस्था माझ्याकडे आली. पूर्वपरीक्षा जवळ आली की दरवर्षी आठ-दहा जणी येऊन म्हणतात, "ताई, इन्स्टा सुटत नाही, काहीतरी करा." त्यांच्याजवळ बसून हे काम इतक्यांदा केलंय की 'मन खंबीर करा', 'ध्यानाला बसा', 'एकवीस दिवसांत सवय जाते' असले सल्ले कानावर पडले की राग येतो. पहाटे पाचला उठून बारा तास खुर्चीवर बसणाऱ्या मुलीला निश्चय कसला शिकवता? तिची अडचण साधी आहे. दमून आडवं झाल्यावर फोन हाताच्या अंतरावर असतो.

ॲपला रोज तीस मिनिटांची मर्यादा लावायच्या भानगडीत पडू नका. मर्यादा लावणारा हात तुमचा, ती उठवणाराही तुमचाच. शिवाय फीडला तळ नाही. पूर्वी पान संपायचं, पुढचं बघायचं तर बटण दाबावं लागायचं. अझा रास्किन या अमेरिकन डिझायनरने २००६ मध्ये न संपणारं स्क्रोल तयार केलं आणि थांबायची ती जागाच गेली. पुढे त्यांनी स्वतः त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. जे संपतच नाही, त्याला 'फक्त दहा मिनिटं' कुठून लावणार?

आधीची कामं, एका बैठकीत

फोटो डाउनलोड करून घ्या. ज्यांच्याशी खरंच बोलता त्यांचे नंबर घ्या. सगळी नोटिफिकेशन्स बंद.

अकाउंट डिलीटच करा. इन्स्टाग्रामवर सेटिंग्जमधून अकाउंट्स सेंटरला जा, तिथे पर्सनल डिटेल्स, मग अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल. नुसतं डिॲक्टिव्हेट केलेलं अकाउंट लॉगिन केलं की जसंच्या तसं परत येतं. डिलीट केलं तरी ३० दिवसांची मुदत असते आणि तेवढ्यात लॉगिन करून बेत बदलता येतो. म्हणून एकतिसाव्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. ती उलटेपर्यंत सुटलं म्हणू नका.

"पण ताई, यूट्यूबवर लेक्चरं असतात." असतात, म्हणून यूट्यूब राहू द्या. वॉच हिस्टरी बंद करा आणि आधीची सगळी पुसून टाका. होमवर सुचवलेले व्हिडिओ येणं थांबतं. पान रिकामं दिसतं, हवं ते शोधायचं, बघायचं, बाहेर पडायचं. टेलिग्रामचे दोन चॅनेल ठेवा, बाकीचे सोडा. चाळीस चॅनेलांच्या पीडीएफ आजवर कोणी वाचून संपवलेल्या मी पाहिल्या नाहीत.

इथवर अर्धा तास लागतो, आणि बहुतेक लेख इथेच संपतात. खरं काम पुढे आहे.

रात्री साडेदहा ते साडेबारा

मी स्वतः तीनदा ॲप काढलं आणि तीनदा परत घेतलं. तिन्ही वेळा रात्री, कॉटवर, दिवा बंद केल्यावर. दिवसा आठवणसुद्धा यायची नाही. पाठ टेकली की मात्र अंगठा आपोआप पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात जायचा. ॲप काढल्यावर तिथे कॅल्क्युलेटर सरकून आला होता. अंधारात तो उघडायचा, मी बंद करायचे, मिनिटाभरात पुन्हा उघडायचा. एका रात्री हे सात वेळा मोजलं आणि मला रडू आलं.

मग सुरू झाली पळवाट. रील नाही तर व्हॉट्सॲपचे स्टेटस, ते संपले की कपडे विकणाऱ्या ॲपवरचे कुर्ते, मग बातम्या. घ्यायचं काही नव्हतं, वाचायचंही नव्हतं. अंगठ्याला सरकवायला काहीतरी हवं होतं, बस. आपल्याकडे अख्ख्या देशाचं हेच झालं. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, जुलैत रील्स आले, सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स. बघणाऱ्यांचा तो वेळ तसाच मोकळा पडला होता, त्यात दुसरं येऊन बसलं. तुमच्या खोलीतही तेच होईल, म्हणून ॲप काढण्याच्या आदल्या दिवशी या दोन तासांची सोय लावा. नंतर लावू म्हणालात तर उशीर झालेला असतो.

सोय म्हणजे दोन गोष्टी. पहिली, चार्जर हलवा. उशाजवळच्या बोर्डावरून तो काढून स्वयंपाकघरात, पॅसेजमध्ये, जिथे झोपत नाही तिथे लावा. चार्जर गेला की फोन मागोमाग जातो. यावर प्रत्येकीचं एकच उत्तर असतं, गजर. गजराचं घड्याळ विकत आणा, दोन-तीनशे रुपयांत मिळतं. 'फोन उलटा ठेवते', 'सायलेंटवर टाकते', 'टेबलावर ठेवते' यातलं काहीही चालत नाही. खोलीच्या बाहेर म्हणजे बाहेर.

दुसरी गोष्ट, हातांना काम द्या. इथे सगळे पुस्तक वाचायला सांगतात आणि तिथेच गाडं अडतं. दिवसभर वाचून डोळे शिणलेल्या माणसाला रात्री आणखी अक्षरं नको असतात. चौथ्या वेळी मला तारलं ते मेथीच्या जुडीने. दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी माझी रूममेट रात्री भाजी निवडायची. एकदा मीही समोर बसले. मध्ये वर्तमानपत्र पसरलेलं, एकेक काडी उचलायची, कोवळा शेंडा खुडून पातेल्यात, जाड देठ बाजूला, पिवळं पान वेगळं. बोटं ओली आणि मातकट होतात, फोनला लावावीशी वाटत नाहीत. तोंड मोकळं असतं, त्यामुळे बोलणं होतं. जुडी संपली की काम संपतं, आणि संपणारं काहीतरी हवंच होतं. मेथीच हवी असं नाही. मटार सोला, कपड्यांच्या घड्या करा, क्रोशाची सुई हाती घ्या.

आणि हे शक्यतो एकट्याने करू नका. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरचे मोबाइल, टीव्ही बंद होतात. साडेआठला दुसरा भोंगा. दीड तास मुलं अभ्यास करतात, मोठी माणसं वाचतात, एकमेकांशी बोलतात. मला त्यातली वेळ फार महत्त्वाची वाटते. एकट्याने फोन ठेवला की जग पुढे चाललंय आणि आपण मागे राहतोय असं वाटत राहतं. सगळ्यांनी एकाच वेळी ठेवला की चुकायचं काही उरत नाही. खोलीत तिघी असाल तर तिघींचे फोन एका डब्यात. घरी मुलाचा फोन सोडवायचा असेल तर आधी आईबाबांचे फोन कपाटात. मुलाचा हिसकावून घेतलात आणि स्वतः सोफ्यावर बसून स्क्रोल करत राहिलात, तर त्याच्याकडून कसलीच अपेक्षा ठेवू नका.

तिसऱ्या दिवसापासून दहाव्यापर्यंत चिडचिड होते, झोप लागत नाही, उगाच रडू येतं. मी बघितलेल्या बहुतेक जणींचं असंच झालं, आणि दुसऱ्या रविवारच्या आसपास हलकं वाटायला लागलं. त्या आठवड्यात निकाल लागणार असेल तर तो दुसऱ्या कोणालातरी बघायला सांगा.

झोप, जेवण, आंघोळ सुटण्यापर्यंत गेलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर मेथी निवडून भागणार नाही. १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस नावाची मानसिक आरोग्याची सेवा आहे, मोफत, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून फोन-इंटरनेट न सुटण्याच्या त्रासासाठी वेगळं क्लिनिक आहे. तिथे लोक उपचारासाठी जातात, यात लाजण्यासारखं काही नाही.

मध्येच घसरलात, ॲप परत घेतलंत, तर वहीत दोनच गोष्टी लिहा, वेळ आणि जागा. 'मी कमकुवत आहे' वगैरे लिहू नका, त्याचा उपयोग नसतो. चार नोंदी झाल्या की काय हलवायचं ते कळतं. गेल्या वर्षी एकीच्या वहीत सलग चार वेळा 'संध्याकाळी सात, स्वारगेट, बसची वाट' आलं. आता ती फोन पिशवीत डब्याच्या खाली ठेवते. काढायचा तर आधी डबा, मग पाण्याची बाटली बाहेर काढावी लागते, आणि तेवढ्यात कात्रजची बस येते.