रेंज गेली की नोंद दोनदा पडायची, त्यावर केलेला उपाय

आमच्या अँड्रॉइड अ‍ॅपबद्दल तक्रार एकच होती: रेंज ये-जा करत असली की तीच नोंद सर्व्हरवर दोनदा दिसते. लॉग पाहिल्यावर उलगडा झाला. नोंद पोचत होती, पण उत्तर परत येण्याआधीच कनेक्शन तुटायचं. अ‍ॅपच्या दृष्टीने ती गेलेलीच नसायची, म्हणून ते पुन्हा पाठवायचं.

आता नोंदीला आयडी सर्व्हर देत नाही, फोनच देतो. ‘सेव्ह’ दाबताक्षणी 128 बिटचा यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या नोंदीशी सहसा जुळणारच नाही असा आयडी, तयार होतो. मग नोंद आणि पाठवायच्या रांगेतली तिची ओळ, दोन्ही एसक्यूलाइटमध्ये (फोनमधल्याच डेटाबेसमध्ये) एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिल्या जातात. मध्येच अ‍ॅप बंद पडलं तरी एक आहे नि दुसरी नाही, असं होत नाही. सर्व्हरवर त्या आयडीला यूनिक कन्स्ट्रेंट आहे, म्हणजे एकच आयडी दोनदा साठवता येत नाही. तीच नोंद पुन्हा आली तर एरर न देता आधीचंच यशस्वी उत्तर द्यायचं. हे फार महत्त्वाचं, नाहीतर फोन पाठवतच बसतो.

रांग उपसायला वर्कमॅनेजर, म्हणजे मागच्या मागे कामं चालवणारी अँड्रॉइडची लायब्ररी: नेटवर्कची अट, आणि फसलं की दर वेळी दुप्पट थांबून पुन्हा प्रयत्न.

‘नेट आहे का’ हे आधी तपासण्यावर माझा भरवसा नाही. वायफाय जोडलेलं दिसतं आणि पलीकडे इंटरनेटच नसतं. पाठवून बघणं हीच खरी तपासणी.

नोंदीशेजारी आता घड्याळाचं चिन्ह दिसतं, पोचली की टिक. आपलं काम सुखरूप पोचलं की नाही हे माणसाला दिसायलाच हवं.