शिबारीची मार्गदर्शिका लिहिताय? या चुका टाळा

ठरलेलं चित्र असतं. बांधणारा पुरुष, अंगावर काळे कपडे, चेहरा गंभीर. बांधली जाणारी बाई बारीक, लवचीक, गोरी. शिबारीच्या, म्हणजे जपानी पद्धतीच्या दोरीबंधनाच्या, बहुतेक मार्गदर्शिका याच जोडीवर उभ्या असतात. हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न असता तर एवढं लिहायची गरज नव्हती. एकाच शरीरासाठी लिहिलेली सूचना दुसऱ्या शरीरावर चुकते आणि इजा होते.

‘वरचा वेढा स्तनांच्या वर, खालचा स्तनांच्या खाली’

तकाते-कोते, म्हणजे पाठीमागे हात घेऊन छाती व दंडांभोवती वेढे देण्याची पद्धत, शिकवताना हे वाक्य हमखास येतं. सपाट छातीच्या माणसाने ते वाचून काय करायचं? तिथे खालचा वेढा अडवायला काही नसतं, तो सरकतो. मग तो टिकावा म्हणून दोरी जास्त आवळली जाते. दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून बाहेरच्या बाजूला येणारी रेडियल नर्व्ह दबली, तर मनगट लुळं पडतं. ते सुधारायला कधी काही दिवस लागतात, कधी महिने.

त्यामुळे वेढ्याची जागा छातीवरून न सांगता दंडावरून सांगा. नर्व्हची नेमकी वाट माणसागणिक थोडी बदलते, हेही लिहा. बांधताना अधूनमधून मनगट मागे वळवायला आणि बोटं फाकवायला सांगायचं. जोर कमी वाटला किंवा मुंग्या आल्या की दोरी लगेच सोडायची. कात्री हाताशी हवीच.

‘पुरुष काय, कसाही बांधा’

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. रुंद, पिळदार खांद्यांचे हात पाठीमागे समांतर येतीलच असं नाही. ओढूनताणून आणले तर खांदा दुखावतो. शिवाय ‘मर्दाला दुखत नाही’ हे डोक्यात घेऊन आलेला माणूस हात बधिर झाला तरी गप्प बसतो. म्हणून सोपा पर्याय (हात पुढे, किंवा कोपरं सैल) शेवटच्या ‘पुरुषांसाठी’ प्रकरणात कोंबू नका. मूळ कृतीतच, त्याच पानावर द्या. आणि सगळ्याच बायका लवचीक असतात हे तरी कुणी ठरवलं?

बाइंडर आणि व्रण

काही ट्रान्स आणि नॉनबायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा पुरुष न मानणाऱ्या) व्यक्ती छाती सपाट दिसावी म्हणून बाइंडर, म्हणजे घट्ट आतला कपडा, घालतात. तो आधीच छाती आवळतो. त्यावर वेढे पडले की श्वासाला जागा उरत नाही. छातीच्या शस्त्रक्रियेनंतर काही भागांची संवेदना कमी झालेली असू शकते, तिथे दोरी काचतेय हे कळतच नाही. यावरचे प्रश्न सुरुवातीच्या बोलण्यात सगळ्यांनाच विचारा, चेहरा बघून नव्हे.

‘परंपराच तशी आहे’

अर्धवट खरं. इतो सेइउ (१८८२–१९६१) या जपानी चित्रकाराने बांधलेल्या स्त्रिया रंगवल्या आणि तीच प्रतिमा पुढे चालत आली. पण त्याआधी जपानच्या एदो काळातलं (१६०३–१८६८) होजोजुत्सू होतं, कैद्यांना दोरीने जखडण्याचं तंत्र, आणि त्यात पुरुष सर्रास बांधले जात. परंपरेचा दाखला द्यायचाच तर पूर्ण द्या.

फोटो आणि भाषा

‘तो बांधतो, ती बांधून घेते’ याऐवजी ‘बांधणारी व्यक्ती’, ‘बांधून घेणारी व्यक्ती’ लिहा. वाक्यं थोडी लांबतात, लांबू द्या. बाई बांधतेय असा फोटो असला की खाली ‘धाडसी’ वगैरे शेरा नको. पुरुषाच्या फोटोखाली जे तांत्रिक वर्णन असतं तेच इथेही.

‘हात लाल-निळा पडला की थांबा’ ही सूचनाही गोऱ्या कातडीची आहे. सावळ्या हातावर रंग उशिरा कळतो. नख दाबून सोडा आणि रंग किती वेळात परततो ते बघा, दोन्ही हातांचा गारवा ताडून पाहा, आणि मुख्य म्हणजे विचारा. फोटोतही सावळे हात असू द्या, म्हणजे काय बघायचं ते वाचणाऱ्याला कळेल.