डोडोची हाडं हाताळताय? या चुका टाळा

मॉरिशसच्या मार ओ सॉंज दलदलीतून १८६५ साली डोडो या नामशेष पक्ष्याची हाडं निघाली, ती जॉर्ज क्लार्क या शाळामास्तरांमुळे. त्यांचे मजूर पाण्यात उतरून पायांनी चाचपत हाडं शोधायचे. आज साधनं बदलली, नवशिक्यांची घाई मात्र तशीच आहे.

सगळ्यात महागात पडते ती सुकवायची घाई. ही हाडं सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. जीवाश्म म्हटलं की शिकाऊ मुलं दगड समजतात, पण ती हाडंच असतात, चिखलाचं पाणी प्यालेली. एकदा एका मुलाने रेड रेल या मॉरिशसच्याच नामशेष पक्ष्याच्या नडगीचं हाड धुऊन पत्र्यावर उन्हात ठेवलं. मी जेवून परतले तोवर ते उभं तडकलं होतं. उचलायला गेले तर सांध्याची कड पापुद्र्यासारखी बोटाला चिकटून आली. जात ओळखायची ती नेमकी त्याच कडेवरून. घाबरून त्याने वर सुपरग्लू फासला, तेव्हा मात्र मी ओरडले. तो गोंद हाडाला इजा न करता निघणं कठीण, शिवाय कार्बन कालमापनात, म्हणजे हाडाचं वय काढतानाही गोंधळ होतो.

मी ओलं हाड दमट टिश्यूत गुंडाळून सावलीत डब्यात ठेवते आणि झाकण रोज थोडं जास्त उघडते. तीन आठवडे लागले तर लागू देत. जोडायचंच असेल तर पॅरालॉइड बी-७२ हा गोंद वापरा, तो ॲसिटोनने सुटतो. कालमापनासाठीचा तुकडा त्याआधीच वेगळा काढा.

दुसरा हट्ट म्हणजे सांगाडा पूर्ण करायचा. संग्रहालयांतले बहुतेक डोडो अनेक पक्ष्यांची हाडं जुळवून उभे केलेत. अशा सांगाड्यावरून पंख आणि पायाचं प्रमाण काढलं, तर ते कुठल्याच जिवंत पक्ष्याचं नसतं. न्हावीकाम करणाऱ्या एतिएन थिरिऊ यांना सापडलेला, मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईमधला सांगाडा एकाच पक्ष्याचा आहे, म्हणून तो इतका मोलाचा. रिचर्ड ओवेनसारखा जाणकार शरीरशास्त्रज्ञही सांगाडा जुळवताना चुकला: १८६६ मध्ये त्यांनी हाडं चित्रकार साव्हेरीच्या डोडोच्या चित्रातल्या आकारात बसवली आणि डोडो बुटका, बसका झाला. १८७२ मध्ये त्यांनाच तो ताठ करावा लागला. आधी हाड बघा, चित्र नंतर.

लहान-मोठी हाडं दिसली की लगेच दोन जाती करू नका. न्यूझीलंडच्या मोआ या नामशेष पक्ष्यांत तेच झालं होतं. महाकाय मोआंतली लहान हाडं नराची आणि मोठी मादीची, हे २००३ साली डीएनएने दाखवलं.

कासवांची हाडं ढिगाने निघतात, म्हणून फेकू नका. त्यांच्याशिवाय डोडोचं बेट समजत नाही.

आणि चिठ्ठी हाडाबरोबर त्याच पिशवीत हवी: जागा, थर, खोली, तारीख. पेन्सिलने लिहा, जेल पेनची शाई चिखलाच्या पाण्यात पसरते.